बॅटरीचं शिसं सगळ्यांना दिसतं, प्लास्टिकचं काय?

इन्व्हर्टरची बॅटरी बसली की आपण ती दुकानदाराला परत देतो, नव्या बॅटरीच्या किमतीतून काही रुपये कमी होतात आणि आपल्यापुरता विषय संपतो. ई-रिक्षा चालवणाऱ्यांसाठी तर हा जवळजवळ दरवर्षीचा खर्च आहे. पण बॅटरीचा प्रवास दुकानाच्या काउंटरवर संपत नाही. ती कुठल्यातरी गोदामात जाते, कुठेतरी फोडली जाते, कुठेतरी धुतली जाते. आणि या जागा बऱ्याचदा आपल्याच वस्तीला लागून असतात. मुंबईत कुर्ला, गोवंडी, मानखुर्द, धारावी; दिल्लीत सीलमपूर; उत्तर प्रदेशात मुरादाबाद. भंगाराच्या आणि ई-कचऱ्याच्या धंद्यात ही नावं सगळ्या देशाला माहीत आहेत, आणि या धंद्यात आपले लोक किती आहेत हे मी वेगळं सांगायला नको.

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी आणि भंगाराच्या धंद्यातल्या घरातला मुलगा. म्हणून हा विषय मला दोन्ही बाजूंनी दिसतो. मला इथे एकच मुद्दा मांडायचा आहे. जुन्या बॅटरीतल्या प्लास्टिकपासून पुन्हा उपयोगाची रसायनं बनवण्याच्या पद्धती आता प्रयोगशाळेतून बाहेर येऊ लागल्या आहेत. या धंद्याचा पहिला अर्धा भाग, म्हणजे गोळा करणं, फोडणं, निवडणं, धुणं, आपण अनेक वर्षं केला. त्याची घाण आणि त्याचा धूरही आपणच घेतला. दुसऱ्या अर्ध्या भागात ज्ञान लागतं आणि खरा पैसा तिथेच आहे. त्या भागात आपण असणार आहोत की नाही, हे आज वीस-बावीस वर्षांच्या असलेल्या मुलामुलींनी ठरवायचं आहे.

बॅटरीत प्लास्टिक असतं किती आणि कुठे?

गाडीची किंवा इन्व्हर्टरची साधी बॅटरी म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी. हिचा शोध 1859 मध्ये फ्रान्समध्ये गॅस्टन प्लांते यांनी लावला आणि तिची मूळ रचना आजही तीच आहे: शिशाच्या प्लेटा आणि सल्फ्युरिक ॲसिड. वजनाचा मोठा भाग शिशाचाच असतो, म्हणून भंगारात तिचा भाव शिशावर ठरतो. बाहेरचा डबा आणि झाकण पॉलिप्रॉपिलीनचं असतं. आपल्या बाजारात त्याला नुसतं ‘पीपी’ म्हणतात. पूर्ण बॅटरीच्या वजनात हे पीपी साधारण 5 ते 8 टक्के भरतं.

आतही प्लास्टिक असतं, पण ते कुणाच्या हिशेबात नसतं. दोन प्लेटा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये सेपरेटर घालतात. तो कधी पॉलिइथिलीनचा असतो, कधी पीव्हीसीचा. इन्व्हर्टरच्या आणि बऱ्याच ई-रिक्षांच्या ट्युब्युलर बॅटऱ्यांत शिशाच्या काड्यांवर पॉलिएस्टर कापडाच्या बारीक नळ्या चढवलेल्या असतात. हे पॉलिएस्टर म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पीईटीच, फक्त धाग्याच्या रूपात.

मोबाइल, लॅपटॉप आणि इलेक्ट्रिक स्कूटरच्या लिथियम बॅटरीत गोष्ट आणखी वेगळी आहे. तिचा सेपरेटर पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि आपल्या केसापेक्षाही पातळ असतो. शिवाय आतली भुकटी पत्र्याला धरून ठेवायला पीव्हीडीएफ नावाचं फ्लोरीन असलेलं प्लास्टिक वापरतात. बाहेरच्या पॅकचं प्लास्टिक एबीएस, पॉलिकार्बोनेट किंवा दोन्हींचं मिश्रण असतं, आणि आग लागू नये म्हणून त्यात अनेकदा खास रसायनं मिसळलेली असतात.

म्हणजे ‘बॅटरीचं प्लास्टिक’ ही एक वस्तू नाही. ते निदान सहा-सात वेगवेगळे पदार्थ आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. पुढचं सगळं गणित इथूनच सुरू होतं.

गोदामातलं रसायनशास्त्र

माझे मामू शाळेत फार शिकले नाहीत. पण कुठलंही प्लास्टिक हातात द्या, ते नखाने ओरखडा काढतात, जमिनीवर आपटून आवाज ऐकतात, आणि तरी खात्री झाली नाही तर कोपऱ्याला काडी लावून वास घेतात. मी लहान असताना ते मला सांगायचे, “बेटा, सूँघ के देख. मोमबत्ती की बू आयी तो पीपी.” पुढे कॉलेजात पॉलिमर शिकताना कळलं, की मामूंचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. पीपी जळताना मेणासारखा वास येतो, कारण मेण आणि पीपी दोन्ही कार्बन-हायड्रोजनच्याच साखळ्या आहेत. पीव्हीसी ज्योत काढली की विझतं आणि त्याचा धूर नाकाला झोंबतो, कारण त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते. एबीएस जळताना काळी काजळी सुटते. नायलॉनला जळलेल्या केसांचा वास येतो.

ही कामगाराची विद्या आहे आणि रिसायकलिंगच्या मोठ्या कारखान्यालाही तिच्याशिवाय चालत नाही. तिथे नाकाऐवजी इन्फ्रारेड किरणांचं यंत्र असतं, एवढाच फरक. पीपीची घनता पाण्यापेक्षा कमी, म्हणून फोडलेली बॅटरी पाण्यात टाकली की पीपीचे तुकडे वर तरंगतात आणि शिसं तळाशी जातं. मोठ्या कारखान्यातली बॅटरी-ब्रेकिंगची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. आपल्याकडच्या पिंपात आणि त्या यंत्रात तत्त्वाचा फरक नाही. फरक आहे तो ॲसिड कुठे जातं, धुण्याचं पाणी कुठे जातं आणि धूळ कुणाच्या फुप्फुसात जाते याचा. मात्र वास घेऊन प्लास्टिक ओळखण्याची पद्धत आता सोडायला हवी. ज्यांनी ती आयुष्यभर वापरली, त्यांच्या छातीला त्याची किंमत माहीत आहे.

आपल्या सभा-संमेलनांत जाबिर इब्न हय्यान यांचं नाव अभिमानाने घेतलं जातं. रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत ते होते म्हणून टाळ्या पडतात. टाळ्यांना माझी हरकत नाही. पण त्याच सभागृहाच्या मागच्या गल्लीत जो माणूस रोज हातांनी रसायनशास्त्र करतो, त्याला आपण ‘कबाडी’ म्हणून हिणवतो. त्याच्या पोरीला प्रयोगशाळेपर्यंत पोचवणं हा त्या अभिमानाचा खरा अर्थ आहे, असं मला वाटतं.

सगळ्याच प्लास्टिकचं रसायन करायचं नसतं

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ‘प्लास्टिकपासून रसायनं’ हे शब्द ऐकायला छान वाटतात, त्यामुळे गुंतवणूकदारही येतात आणि फसवणूक करणारेही येतात. म्हणून आधी क्रम समजून घ्यायला हवा.

बॅटरीच्या डब्याचं पीपी हे चांगलं, एकाच जातीचं प्लास्टिक आहे. ते नीट धुतलं, चुरा केला, वितळवून दाणा पाडला, की त्याचा पुन्हा बॅटरीचाच डबा होतो. डबा बहुधा काळा असतो, त्यामुळे जुन्या दाण्यातले वेगवेगळे रंगही झाकले जातात. यात ऊर्जा कमी लागते आणि वस्तू तिच्याच कामावर परत येते. असं प्लास्टिक भट्टीत घालून त्याचं तेल करणं म्हणजे चांगल्या कापडाच्या चिंध्या करण्यासारखं आहे. इथे रसायनशास्त्राची गरज नाही. स्वच्छ पाणी, चांगली धुलाई आणि प्रामाणिक तपासणी यांची गरज आहे. शिशाची भुकटी चिकटलेला चुरा न धुता दाण्यात गेला, आणि त्या दाण्याची बादली किंवा खेळणं झालं, तर विष बॅटरीतून निघून थेट घरात आलं.

रसायनशास्त्राची खरी गरज आहे ती उरलेल्या प्लास्टिकसाठी, जे आज फेकलं जातं किंवा जाळलं जातं. तिथे दोन वेगळे रस्ते आहेत.

पहिला रस्ता पीपी आणि पॉलिइथिलीनचा. ही प्लास्टिकं म्हणजे कार्बनला कार्बन जोडलेली लांबच लांब साखळी. वेल्डिंग केलेल्या साखळीसारखी. कुठे कडी उघडायला जागाच नाही. ती तोडायची तर उष्णताच लागते. हवा बंद करून साधारण 400 ते 600 अंश सेल्सिअसला तापवलं की साखळी मिळेल तिथे तुटते. तेल, मेण, वायू आणि थोडा कोळसा असं मिश्रण मिळतं. याला पायरोलिसिस म्हणतात. या तेलापासून योग्य शुद्धीकरणानंतर पुन्हा इथिलीन आणि प्रॉपिलीन बनवता येतात, म्हणजे नव्या प्लास्टिकचा कच्चा माल. लेड-ॲसिड बॅटरीतला पॉलिइथिलीनचा सेपरेटर इथे बसतो. त्याच्या साखळ्या इतक्या लांब असतात आणि त्यात सिलिका इतकी मिसळलेली असते, की तो वितळवून दाणा पाडता येत नाही. म्हणूनच भंगारात त्याला कुणी विचारत नाही.

दुसरा रस्ता पॉलिएस्टरचा. त्याच्या साखळीत ठरावीक अंतरावर एस्टर नावाची जोडणी असते. ही वेल्डिंग नव्हे, हा हुक आहे. पाणी आणि ॲसिड किंवा अल्कली यांच्या मदतीने, उष्णता दिली की हुक निघतो आणि साखळीचे मूळ मणी परत मिळतात: टेरेफ्थॅलिक ॲसिड आणि इथिलीन ग्लायकॉल. यांच्यापासून पुन्हा नवा धागा, नवी बाटली होते. पायरोलिसिससारखं मिश्रण इथे मिळत नाही. ओळखता येणारी, नाव असलेली, बाजारात विकली जाणारी रसायनं मिळतात. आणि गंमत अशी, की हुक काढायला लागणारं सल्फ्युरिक ॲसिड त्याच बॅटरीत असतं. ॲसिडने पॉलिएस्टर फोडता येतं, ही रसायनशास्त्रातली जुनी माहिती आहे. अडचण आहे ती शिशाची. नळ्यांवर शिशाची लगदी बसलेली असते आणि ॲसिडही शिशाने खराब झालेलं असतं. हे वेगळं करणं स्वस्तात जमलं, तर आज भट्टीत जळून जाणारी एक वस्तू कमाईची होईल. आपल्या मुलामुलींसाठी हा पीएचडीचा विषय होऊ शकतो, आणि छोट्या कारखान्याचाही.

ॲसिडलाही किंमत आहे. ते चुन्याने शांत केलं तर जिप्सम मिळतं, सोड्याने केलं तर सोडियम सल्फेट मिळतं, जे डिटर्जंटच्या धंद्यात लागतं. गटारात सोडलं तर काहीच मिळत नाही, फक्त बोअरवेल खराब होते.

जगात यापुढेही काम चाललंय. केंब्रिज विद्यापीठात एर्विन राइसनर यांच्या गटाने 2018 मध्ये दाखवलं, की सूर्यप्रकाश आणि योग्य उत्प्रेरक वापरून पीईटीसारख्या प्लास्टिकपासून हायड्रोजन काढता येतो. हे प्रयोगशाळेतलं काम आहे, उद्या सकाळी धारावीत येणार नाही. पण दिशा कळते: ज्याला आपण कचरा म्हणतो, त्यात कार्बन आणि हायड्रोजन आहे, आणि ते कामाचं आहे.

आपल्या देशातही उदाहरण आहे. डेहराडूनच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोलियमने ऑगस्ट 2019 मध्ये रोज एक टन प्लास्टिकपासून डिझेल बनवणारा प्रकल्प सुरू केला. तंत्र आपल्याच शास्त्रज्ञांचं आहे. पण एक गोष्ट स्पष्ट बोलू या. प्लास्टिकचं डिझेल करून ते इंजिनात जाळलं, तर शेवटी ते जळलंच, फक्त वळसा घालून. उघड्यावर जाळण्यापेक्षा ते नक्कीच बरं; तरी त्याला पुनर्वापर म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी. प्लास्टिकपासून रसायन झालं असं तेव्हाच म्हणावं, जेव्हा त्या रसायनाची पुन्हा वस्तू होते.

गल्लीतली भट्टी म्हणजे पायरोलिसिस नव्हे

ही माहिती अर्धवट पसरली तर धोका आहे, म्हणून हेही लिहितो. लोखंडी पिंप, खाली लाकडं, वर पाइप, आणि ‘तेल निघतं’ असा व्हिडिओ: हे रिसायकलिंग नाही. त्यात पीव्हीसीचा एक तुकडा गेला तरी हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होतं, ते पाइप खातं आणि माणसाचं फुप्फुसही. अर्धवट जळण्यातून डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. बॅटरीच्या प्लास्टिकवर शिसं असतं, आणि क्लोरीन मिळालं की शिसं अधिक सहज वाफ होऊन उडतं. लिथियम बॅटरीतलं पीव्हीडीएफ जळलं तर हायड्रोजन फ्लोराइड निघतो. तो हाडापर्यंत जाळतो. लिथियमचा पॅक पूर्ण डिस्चार्ज न करता घणाने फोडणं म्हणजे आगीला बोलावणं.

शिशाबद्दल तर दोन शब्द जास्तच बोलायला हवेत. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण प्रति डेसिलिटर 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. त्यात भारतातली मुलं सुमारे 27.5 कोटी. बॅटऱ्यांचं असुरक्षित रिसायकलिंग हे त्यामागचं एक मोठं कारण म्हणून त्या अहवालात नोंदवलं आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही.

सेनेगलची राजधानी डकार, तिच्या उपनगरातलं थियारोय-सुर-मेर. तिथे वस्तीतच बॅटऱ्या फोडल्या जायच्या. पुढे शिशाचा भाव वाढला तेव्हा लोक ती माती चाळून शिसं वेचू लागले. नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काही महिन्यांत तिथली 18 लहान मुलं दगावली. ती मुलं कारखान्यात कामाला नव्हती. अंगणात खेळत होती, घरात झोपत होती. शिसं कपड्यांवरून, चपलांवरून, पोत्यांवरून घरात येतं. मोठ्यांच्या हाडांत ते कॅल्शियमच्या जागी वर्षानुवर्षं साठतं, आणि बाई गरोदर राहिली की हाडांतून निघून बाळापर्यंत पोचतं. प्लास्टिक निवडण्या-धुण्याच्या कामात बायका किती आहेत हे लक्षात घ्या, म्हणजे हा प्रश्न कुणाचा आहे ते कळेल. शेजाऱ्याला त्रास होईल असा धंदा करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. धूर आणि धूळ शेजाऱ्याच्या घराला विचारून जात नाही.

कायदा आला, पण शिशावरच थांबला

ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आणले. 2001 चे जुने नियम गेले. आता बॅटरी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपनीवर ती परत गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी आहे. जुनी बॅटरी जमिनीत पुरणं किंवा जाळणं बंद आहे. रिसायकल करणाऱ्याने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आणि जितका माल परत मिळवला त्यानुसार त्याला प्रमाणपत्र मिळतं, जे कंपन्या विकत घेतात. म्हणजे कचऱ्याला आता कागदावरही किंमत आली. पण ती किंमत नोंदणी असलेल्यालाच मिळते. तुमच्या चाचांच्या गोदामाला नाही.

या नियमांत एक उणीव आहे, ती आपण मांडायला हवी. वाहनांच्या बॅटरीसाठी कोरड्या वजनाच्या 60 टक्क्यांच्या आसपास माल परत मिळवण्याचं लक्ष्य ठेवलंय. पण लेड-ॲसिड बॅटरीच्या कोरड्या वजनात शिसंच त्याहून जास्त असतं! म्हणजे नुसतं शिसं काढलं तरी लक्ष्य पूर्ण. सेपरेटरचं काय झालं, पॉलिएस्टरचं काय झालं, हे विचारायची गरजच पडत नाही. लिथियमच्या बाबतीतही सगळ्यांची नजर धातूंवर आहे. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांच्या रिसायकलिंगसाठी 1,500 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. चांगली गोष्ट आहे. पण लिथियम, कोबाल्ट, निकेल काढून झाल्यावर उरलेलं प्लास्टिक कुणाच्या वाट्याला येणार? ज्याच्याकडे पर्याय नाही त्याच्या. माझी मागणी साधी आहे: बॅटरीतल्या प्लास्टिकसाठी वेगळं लक्ष्य असावं, जातीनुसार असावं, आणि दाणा करण्याजोगं प्लास्टिक जाळून किंवा तेल करून दाखवलेलं ‘रिसायकलिंग’ त्यात मोजू नये.

‘हा धंदाच सोडा’ म्हणणाऱ्यांना

आपल्यातले शिकलेले लोक म्हणतात, कशाला हे घाणीचं काम, पोरांना ऑफिसात पाठवा. त्यांच्या मनातली काळजी मला कळते. पण सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवलं होतं, की मुस्लिम कामगारांत स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि कायम पगाराच्या नोकरीत ते कमी आहेत. ऑफिसाची दारं आपल्यासाठी किती उघडी आहेत, हे अर्ज केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि बॅटऱ्या काही कमी होणार नाहीत, वाढतच जाणार. जे काम वाढणार आहे, ज्याचा अर्धा अनुभव आपल्याकडे आधीच आहे, ते सोडून जाण्यात मला शहाणपण दिसत नाही. सोडायची आहे ती पद्धत.

दुसरा आक्षेप धंद्यातले लोक घेतात. नोंदणी म्हणजे फेऱ्या, फायली आणि हात ओले करणं; छोट्या माणसाला ते परवडत नाही. हा आक्षेप खरा आहे. ॲसिड आणि पाणी शुद्ध करायची सोय एकट्या गोदामवाल्याला झेपत नाही. म्हणून उत्तरही एकट्याचं असू शकत नाही. पुण्याकडे बघा. 1993 मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांनी पंचायत उभी केली. त्यातूनच कचरा वेचकांची स्वतःची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 मध्ये महापालिकेशी तिचा करार झाला. ज्यांना लोक हाकलून देत होते, ते ओळखपत्र लावून दारात कचरा घ्यायला येऊ लागले. त्यात बहुतेक बायका होत्या, दलित समाजातल्या. त्यांनी जे कचऱ्यात केलं, ते भंगारवाल्यांनी बॅटरीत का करू नये? दहा-पंधरा गोदामवाले मिळून औद्योगिक वसाहतीत एक शेड, एक ब्रेकिंग मशीन, एक पाणी शुद्ध करायची टाकी आणि एकच नोंदणी. वस्तीत फक्त गोळा करणं. फोडणं आणि धुणं वस्तीबाहेर.

मग करायचं काय?

तुम्ही दहावी-बारावीत असाल किंवा तुमचा भाऊ-बहीण असेल, तर ‘सिपेट’ हे नाव लिहून ठेवा. ही केंद्र सरकारची प्लास्टिक तंत्रज्ञानाची संस्था आहे. महाराष्ट्रात तिची केंद्रं छत्रपती संभाजीनगर आणि चंद्रपूरला आहेत. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. बीएस्सी केमिस्ट्री केलेल्यांसाठी पदव्युत्तर डिप्लोमाही आहे. त्यापुढे माटुंग्याची आयसीटी आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहेत. भंगारवाल्याच्या मुलाला किंवा मुलीला मुलाखतीत सांगण्यासारखं जितकं असतं, तितकं कुणाकडेच नसतं. फक्त ते लाजत लपवू नका.

घरात हा धंदा असेल, तर आजपासून करण्यासारख्या गोष्टी पैशाच्या नाहीत. कामाचे कपडे आणि चपला गोदामातच ठेवा. हातपाय धुतल्याशिवाय जेवू नका, गोदामात तर अजिबात जेवू नका. सहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाई त्या जागेच्या जवळ नकोत. कोरडं झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा. मुलांच्या रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. पीव्हीसी आणि सेपरेटर वेगळ्या पोत्यात ठेवा, कुठल्याही कारणाने जाळू नका. बॅटरी फुटलेली नसेल तर ती फोडू नका. आहे तशी, ॲसिडसकट, नोंदणी असलेल्याला द्या. दोन रुपये कमी मिळतील, हे मान्य आहे. त्या दोन रुपयांसाठीच एकत्र येऊन भाव मागायचा आहे.

आणि जे या धंद्यात नाहीत, पण मोहल्ला कमिटीत, मशिदीच्या ट्रस्टवर, कॉलेजच्या संघटनेत आहेत, त्यांच्यासाठी एक काम. आपल्या वस्तीत बॅटऱ्या कुठे फोडल्या जातात याचा नकाशा काढा. कुणाची तक्रार करायला नाही, पहिली बैठक कुणाला घेऊन करायची हे ठरवायला. त्या बैठकीत एक डॉक्टर असू द्या, एक सिपेटमधून किंवा एखाद्या कॉलेजच्या केमिस्ट्री विभागातून कुणी असू द्या, आणि बोलण्याची पहिली पाळी त्या माणसाची असू द्या ज्याला नुसत्या आवाजावरून पीपी आणि एबीएसमधला फरक कळतो.